कोडॉन, अँटिकोडॉन आणि डगमगणारी तिसरी जोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बडोद्यातल्या मराठी घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे: बारावीचे, बीएस्सी-एमएस्सीचे, आणि लॅबमध्ये पहिल्यांदाच प्रोटीन बनवायला घेतलेले. विषय वर्गात इंग्रजीतून होतो, मित्रांशी चर्चा गुजरातीत होते आणि घरी आजीने ‘तू नक्की काय शिकतोस रे?’ असं विचारलं की मराठीत दोन वाक्यं जुळत नाहीत. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. आरएनएची अक्षरं ए, यू, जी, सी, आणि आयनोसिनसाठी (एचं बदललेलं रूप) आय; डीएनएत यूच्या जागी टी. प्रत्येक त्रिकूट, मग ते कोडॉन असो की अँटिकोडॉन, ५′ टोकाकडून ३′ टोकाकडे लिहिलं आहे. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर निम्मा गोंधळ इथेच मिटेल.

वॉबल म्हणजे नेमकं काय?

एमआरएनएवरचं (जनुकाचा संदेश नेणारा आरएनए) तीन अक्षरांचं कोडॉन टीआरएनएवरच्या (प्रथिनासाठी अमिनो आम्ल आणणारा आरएनए) तीन अक्षरांच्या अँटिकोडॉनशी जुळतं. पहिल्या दोन जोड्या ठरल्याप्रमाणेच लागतात: ए समोर यू, जी समोर सी. कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराशी होणारी जोडी मात्र थोडी सरकून बसू शकते, त्यामुळे एकच टीआरएनए दोन, कधी तीन कोडॉन वाचतो. फ्रान्सिस क्रिकने १९६६ मध्ये ही कल्पना मांडली आणि तिला वॉबल म्हटलं. मराठीत डगमग म्हणा किंवा लवचिक जोडी. आम्ही वॉबल हाच शब्द ठेवतो, कारण ‘लवचिक’ म्हटलं की लोक ‘काहीही चालतं’ असं समजतात. काय चालतं याची यादी ठरलेली आहे आणि ती लहान आहे.

त्या वेळी हातात काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टच्या अ‍ॅलॅनिन टीआरएनएची ७७ अक्षरं क्रमाने वाचली होती. एखाद्या न्यूक्लिइक आम्लाचा पूर्ण क्रम पहिल्यांदाच कळला होता, आणि त्याच्या अँटिकोडॉनमध्ये एक अनपेक्षित अक्षर निघालं: आयनोसिन. शुद्ध केलेला एकच टीआरएनए एकापेक्षा जास्त कोडॉनना चिकटतो, हे हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळांत दिसत होतं. हॉली, खुराना आणि निरेनबर्ग यांना १९६८ चं नोबेल एकत्र मिळालं.

अँटिकोडॉनचं पहिलं अक्षर कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराशी कसं काय जुळतं? इथेच नेहमी चुकतं.

कारण दोन्ही धागे उलट दिशांनी धावतात. वाचून डोक्यात बसत नसेल तर कागद घ्या.

नऊ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा आणि प्रत्येकीवर तीन सेंटिमीटरचे तीन चौकोन आखा. दोन्ही पट्ट्यांच्या डाव्या टोकाला लाल ठिपका द्या, ते ५′ टोक. पहिल्या पट्टीवर यू-यू-सी लिहा. हे फिनाइलअ‍ॅलॅनिनचं कोडॉन. दुसरीवर जी-ए-ए लिहा. हा त्याच्या टीआरएनएचा अँटिकोडॉन. आता दुसरी पट्टी टेबलावरच अर्धा फेरा फिरवा, म्हणजे लाल ठिपका उजवीकडे जाईल, आणि पहिलीच्या वर ठेवा. अक्षरं उलटी दिसतील, दिसू द्यात. सरळ लिहायला गेलात की दिशा विसरता. अँटिकोडॉनचा जी आता कोडॉनच्या शेवटच्या सीवर आला आहे आणि दोन्ही ए दोन्ही यूंवर. पहिल्या पट्टीवरचा सी खोडून तिथे यू लिहा. बाकी काही हलवू नका. जी समोर यू आला. हीच वॉबल जोडी. फिनाइलअ‍ॅलॅनिनची यू-यू-यू आणि यू-यू-सी ही दोन्ही कोडॉन हा एकच टीआरएनए वाचतो.

टीआरएनएच्या क्रमांकनात या डगमगणाऱ्या अक्षराची जागा ३४ वी. मधलं अक्षर ३५ वं आणि कोडॉनच्या पहिल्या अक्षराशी जुळणारं ३६ वं.

क्रिकचे नियम एका जागी सांगा.

३४ व्या जागी सी असेल तर तो फक्त जी वाचतो. ए असेल तर फक्त यू. जी असेल तर सी आणि यू. यू असेल तर ए आणि जी. आय असेल तर यू, सी आणि ए. परीक्षेपुरतं एवढं पुरेसं आहे. पेशीत मात्र यूचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, ते खाली येईल. आणि ए असा नुसता क्वचितच सापडतो, कारण त्याचा बहुतेक वेळा आय होतो.

जी आणि यूची जोडी बसते तरी कशी?

दोन हायड्रोजन बंधांनी. नेहमीच्या जी:सी जोडीत तीन बंध असतात, ए:यू मध्ये दोन. जी आणि यू समोरासमोर नेहमीसारखे ठेवले तर बंध देणारा अणू देणाऱ्यासमोर येतो आणि घेणारा घेणाऱ्यासमोर, म्हणून काही जमत नाही. यू जरासा मोठ्या खाचेच्या (जोडलेल्या धाग्यांच्या पिळाला एक मोठी आणि एक लहान खाच असते) बाजूला सरकला की चित्र बदलतं: जीच्या १ क्रमांकाच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन यूच्या २ क्रमांकाच्या ऑक्सिजनशी बांधला जातो आणि यूच्या ३ क्रमांकाच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन जीच्या ६ क्रमांकाच्या ऑक्सिजनशी. दोन्ही साखरांमधलं अंतर जवळजवळ नेहमीइतकंच राहतं, साधारण साडेदहा अँगस्ट्रॉम. कणा फारसा ताणला जात नाही आणि जोडी खपून जाते.

आय:ए जोडी वेगळी आहे. दोन्ही मोठी, दोन कड्यांची अक्षरं, त्यामुळे जोडी रुंद होते. ती चालते, पण आयच्या तिन्ही जोड्यांत ती सगळ्यात अवघडून बसलेली. यू:यूचं दुखणं उलट: दोन्ही लहान, साखरा जवळ ओढाव्या लागतात. क्रिकच्या यादीत तिला जागा नव्हती.

ही सवलत तिसऱ्याच जागी का? पहिल्या किंवा दुसऱ्या जागी का नाही?

याचं उत्तर रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात आहे, आणि ते डोळ्यांनी दाखवणाऱ्यांपैकी एक जण बडोद्यात वाढलेले आहेत. वेंकटरामन रामकृष्णन यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये फिजिक्समध्ये बीएस्सी केली. पुढे त्यांच्या गटाने उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस थर्मोफिलस या जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान घटकाची रचना सुमारे ३ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने काढली, आणि २००१ मध्ये कोडॉन-अँटिकोडॉन तपासणी कशी होते ते दाखवलं. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना मिळालं. फतेगंजच्या कँपसवरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा परका वाटू नये.

त्या रचनेत दिसलं ते असं. रायबोसोमच्या १६एस आरएनएमधली तीन अक्षरं पहारेकरी आहेत: ए१४९२, ए१४९३ आणि जी५३०. योग्य टीआरएनए आला की ए१४९२ आणि ए१४९३ ही दोन अक्षरं आपल्या आतल्या जागेतून बाहेर वळतात. ए१४९३ पहिल्या जोडीची लहान खाच चाचपतं. ए१४९२ आणि जी५३० मिळून दुसरीची. चाचपलं जातं ते जोडीचं माप, अक्षराचं नाव नव्हे. नेहमीची जोडी असेल तर चारही प्रकारांत लहान खाचेचा आकार सारखाच भरतो. जोडी सरकलेली असेल तर बोटं चुकीच्या ठिकाणी लागतात आणि टीआरएनए निसटण्याची शक्यता वाढते. तिसऱ्या जोडीवर असा कडक पहारा नाही.

दुसरं कारण टीआरएनएच्या स्वतःच्या आकारात आहे. अँटिकोडॉन सात अक्षरांच्या फासात असतो, ३२ ते ३८. तेहतिसाव्या जागेवरच्या यूपाशी कणा झटकन वळतो, आणि ३४ पासून पुढची अक्षरं एकावर एक रचलेली असतात. त्या रचीत ३५ आणि ३६ दोन्हीकडून दाबलेली आहेत. ३४ टोकाला आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत माजघरात झोपाळा असतो, त्याच्या पितळी कड्या तुळईतल्या हुकांत घट्ट बसलेल्या असतात. हलतं ते खालचं टोक. ३४ व्या जागेचं तसंच आहे, आणि झोपाळ्याचा झोकाही कड्यांच्या लांबीपलीकडे जात नाही.

आयनोसिन डीएनएत तर नसतो. मग टीआरएनएत येतो कुठून?

जनुकात त्या जागी ए असतो. टीआरएनए तयार झाल्यावर एक एन्झाइम त्या एच्या सहाव्या कार्बनवरचा अमिनो गट काढून तिथे ऑक्सिजन बसवतं. झाला आय. जिवाणूंत हे काम टॅडए करतं. आपल्यात एडॅट२ आणि एडॅट३ ही जोडी. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत टॅडएचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे आर्जिनिनचा टीआरएनए: ए-सी-जीचा आय-सी-जी होतो आणि मग तो सी-जी-यू, सी-जी-सी, सी-जी-ए ही तिन्ही कोडॉन वाचतो. माणसात आठ अमिनो आम्लांच्या टीआरएनएत हा बदल होतो: थ्रिओनिन, अ‍ॅलॅनिन, प्रोलिन, सेरिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन आणि आर्जिनिन.

जनुकाच्या डेटाबेसमध्ये अँटिकोडॉन ए-जी-सी लिहिलेला दिसला आणि पुस्तकात आय-जी-सी, तर दोन्ही बरोबर आहेत. एक जनुकाचा, दुसरा तयार टीआरएनएचा. जाता जाता: हाच टॅडए प्रयोगशाळेत बदलत बदलत डीएनएवर काम करायला लावला गेला, आणि २०१७ मध्ये डेव्हिड लिऊ यांच्या गटाने त्यातून अ‍ॅडेनिन बेस एडिटर तयार केला.

अमिनो आम्लांच्या ६१ कोडॉनना कमीत कमी किती टीआरएनए लागतात? ३१ म्हणतात, पण मोजायचे कसे?

पाठ करू नका, मोजा. चार कोडॉनची पाच अमिनो आम्लं आहेत: व्हॅलिन, अ‍ॅलॅनिन, ग्लायसिन, प्रोलिन, थ्रिओनिन. क्रिकच्या नियमांत एक टीआरएनए चारही वाचू शकत नाही, म्हणून प्रत्येकाला दोन, झाले १०. सहा कोडॉनची तीन: ल्युसिन, सेरिन, आर्जिनिन. चारच्या गटाला दोन आणि दोनच्या गटाला एक, म्हणून प्रत्येकी ३, एकूण १९. दोन कोडॉनची नऊ: फिनाइलअ‍ॅलॅनिन, टायरोसिन, हिस्टिडिन, ग्लुटामिन, अ‍ॅस्परॅजिन, लायसिन, अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट, सिस्टिन. प्रत्येकी एक, २८. आयसोल्युसिनच्या तीन कोडॉनना आय असलेला एक, मेथिओनिनला एक, ट्रिप्टोफॅनला एक. ३१. प्रथिनाची सुरुवात करणारा मेथिओनिनचा वेगळा टीआरएनए धरला तर ३२. प्रश्नात ‘इनिशिएटरसह’ असं लिहिलंय का, ते आधी बघा. गुण तिथेच जातात.

ट्रिप्टोफॅनकडे जरा थांबा. त्याचं कोडॉन यू-जी-जी, आणि शेजारी यू-जी-ए हे थांबण्याचं कोडॉन. ३४ व्या जागी यू ठेवला असता तर त्याने दोन्ही वाचली असती आणि प्रथिनं थांबायच्या जागी थांबली नसती. म्हणून तिथे सी आहे, जो फक्त जी वाचतो. कुठे सवलत द्यायची नाही, हेही ३४ व्या जागीच ठरतं.

ए-यू-ए हे कोडॉन अवघड का मानतात?

कारण ते आयसोल्युसिनचं, आणि त्याच्या शेजारचं ए-यू-जी मेथिओनिनचं. ए वाचायला ३४ व्या जागी यू ठेवला तर तो जीही वाचेल आणि मेथिओनिनच्या जागी आयसोल्युसिन बसेल. आपल्या पेशींनी आय वापरून मार्ग काढला, कारण आय जी वाचत नाही. बहुतेक जिवाणूंचा मार्ग याहून विलक्षण आहे. त्यांच्या त्या टीआरएनएत अँटिकोडॉन सी-ए-यू असतो, म्हणजे मेथिओनिनचाच. टिलएस नावाचं एन्झाइम त्या सीला लायसिनचा एक रेणू जोडतं आणि लायसिडिन तयार होतं. एका बदलाने दोन गोष्टी होतात: ते अक्षर आता जीऐवजी ए वाचतं, आणि टीआरएनएवर मेथिओनिनऐवजी आयसोल्युसिन चढवलं जातं. कोडॉन आणि अमिनो आम्ल, दोन्ही एका अक्षराने पालटतात. या विषयात आम्हाला सर्वांत आवडणारं उदाहरण हेच.

पेशीत यूचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही म्हणजे काय?

३४ व्या जागचा यू जवळजवळ नेहमी रासायनिक बदल होऊन येतो, आणि बदल कोणता यावर तो काय वाचणार ते ठरतं. ढोबळ दोन दिशा आहेत.

लायसिन, ग्लुटामेट, ग्लुटामिन यांच्या टीआरएनएत यूच्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजनऐवजी गंधक आणि पाचव्या कार्बनवर छोटी शेपटी असते. गंधकामुळे साखरेची घडी एका स्थितीत ताठ राहते, आणि यू ए आणि जीपुरताच बांधला जातो. याच गटांत यू किंवा सीवर संपणारी कोडॉन दुसऱ्या अमिनो आम्लांची आहेत, म्हणून हा ताठरपणा हवाच. चार कोडॉनच्या काही गटांत जिवाणू उलट करतात: पाचव्या कार्बनवर ऑक्सिजनमार्फत अ‍ॅसिटिक आम्लाचा तुकडा जोडतात, आणि तो यू ए, जी, यू, काही वेळा सीसुद्धा वाचतो. चारही कोडॉनना अमिनो आम्ल एकच असल्याने बिघडत काही नाही.

जीचंही एक रूप आहे, क्युओसिन. हिस्टिडिन, टायरोसिन, अ‍ॅस्परॅजिन आणि अ‍ॅस्पार्टेटच्या टीआरएनएत ते सापडतं. त्याचा मूळ घटक आपलं शरीर बनवू शकत नाही. तो अन्नातून आणि आतड्यातल्या जिवाणूंकडून मिळतो.

मायटोकॉन्ड्रियात फक्त २२ टीआरएनए असतात. मग ३१ चा हिशेब चुकला का?

हिशेब बरोबर आहे, नियम वेगळे आहेत. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या १६,५६९ अक्षरांच्या डीएनएत १३ प्रथिनं, २ रायबोसोमल आरएनए आणि २२ टीआरएनए यांची जनुकं आहेत. तिथे चार कोडॉनच्या प्रत्येक गटाला एकच टीआरएनए पुरतो, ३४ व्या जागी कोणताही बदल नसलेला यू, जो चारही अक्षरं स्वीकारतो. असे गट ८. उरलेले सगळे गट दोन-दोन कोडॉनचे, कारण तिथे ए-यू-ए मेथिओनिनचं आहे आणि यू-जी-ए ट्रिप्टोफॅनचं. असे गट १४. आठ अधिक चौदा, बावीस.

३४ व्या जागचा बदल झालाच नाही तर खरंच आजार होतो?

होतो. मायटोकॉन्ड्रियाच्या ल्युसिन टीआरएनएच्या जनुकात ३,२४३ व्या अक्षरापाशी एचा जी झाला की मेलास हा आजार उद्भवू शकतो: लहान वयात पक्षाघातासारखे झटके, रक्तात लॅक्टिक आम्ल वाढणं. उत्परिवर्तन अँटिकोडॉनमध्ये नाही, बरंच दूर आहे. पण त्यामुळे टीआरएनएचा आकार बदलतो आणि ३४ व्या जागच्या यूवर एरवी जोडलं जाणारं टॉरिन (एक छोटा रेणू) बसवलं जात नाही. टॉरिन नसलेला तो यू यू-यू-ए वाचतो, यू-यू-जी वाचताना अडखळतो. म्हणजे वॉबलच हरवला. लायसिन टीआरएनएमधल्या ८,३४४ व्या अक्षराच्या बदलाने होणाऱ्या मर्फ या आजारातही टॉरिनचा बदल राहून जातो, आणि तिथे ए-ए-ए, ए-ए-जी दोन्ही वाचणं कोलमडतं.

चाचणीबद्दल एक उपयोगाची गोष्ट: ३,२४३ च्या बदलाचं रक्तातलं प्रमाण वयाबरोबर घटत जातं, म्हणून मोठ्या माणसात लघवीतल्या पेशींचा नमुना अधिक विश्वासाचा ठरतो. बाकी निर्णय डॉक्टरांचा.

वॉबलमुळे प्रथिनात चुका होतात का?

नाही. वॉबलने योग्य तेच अमिनो आम्ल येतं; फक्त जोडी नेहमीच्या घाटाची नसते. चूक म्हणजे चुकीचा टीआरएनए स्वीकारला जाणं. तिचं प्रमाण साधारण दर १,००० ते १०,००० कोडॉनमागे एक. तीनशे अमिनो आम्लांचं प्रथिन आणि हजारात एक चूक धरली तर सुमारे २६ टक्के रेणूंत किमान एक चूक असेल. दहा हजारात एक धरली तर ३ टक्क्यांत.

पॅरोमोमायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड औषधं हा पहारा बिघडवतात. पॅरोमोमायसिन रायबोसोममध्ये बसलं की ए१४९२ आणि ए१४९३ आधीच बाहेर ढकलली जातात, जणू योग्य टीआरएनए आलाच आहे. मग जवळपास जुळणारे टीआरएनएही आत घेतले जातात आणि जिवाणूची प्रथिनं सदोष होतात.

म्हणजे तिसऱ्या अक्षरातलं उत्परिवर्तन निरुपद्रवी, असं लिहावं का?

लिहू नका. कोष्टक घेऊन मोजलं तर ६१ कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरात एका अक्षराचे १८३ बदल संभवतात. त्यांतल्या १२६ मध्ये अमिनो आम्ल तेच राहतं, म्हणजे ६९ टक्के. पहिल्या अक्षरात १८३ पैकी फक्त ८, दुसऱ्यात एकही नाही. छोटा उदेपूरकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल आढळतो, त्यामागे बीटा ग्लोबिनच्या जी-ए-जी कोडॉनचं मधलं अक्षर यू होणं आहे. ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन येतं. तिसरं अक्षर ए झालं असतं तर ग्लुटामेटच राहिलं असतं.

पण ६९ म्हणजे शंभर नव्हे. ए-ए-जीचं ए-ए-सी झालं की लायसिनचं अ‍ॅस्परॅजिन होतं. आणि अमिनो आम्ल तेच राहिलं तरीही इजा होऊ शकते. एसएमएन१ आणि एसएमएन२ ही जवळजवळ सारखी जनुकं. सातव्या एक्सॉनच्या (तयार आरएनएत ठेवला जाणारा जनुकाचा तुकडा) सहाव्या अक्षरात एसएमएन२ मध्ये सीऐवजी टी आहे. कोडॉन यू-यू-सीचं यू-यू-यू झालं. वरच्या कागदी पट्टीवर तुम्ही केलात तोच बदल! फिनाइलअ‍ॅलॅनिन तेच, वाचणारा टीआरएनए तोच. तरी आरएनए जोडताना तो एक्सॉन बहुतेक वेळा गाळला जातो. म्हणून एसएमएन१ नसलेल्या बाळाला नुसत्या एसएमएन२ वर पुरेसं प्रथिन मिळत नाही आणि स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी होते.

माणसाचं जनुक ई. कोलायमध्ये घातलं, प्रोटीन येत नाही किंवा तुकडे येतात. कोडॉनचा दोष आहे हे कसं ओळखायचं?

ई. कोलायमध्ये काही कोडॉन वाचणारे टीआरएनए फार थोडे असतात: आर्जिनिनची ए-जी-ए आणि ए-जी-जी, आयसोल्युसिनचं ए-यू-ए, ल्युसिनचं सी-यू-ए, प्रोलिनचं सी-सी-सी, ग्लायसिनचं जी-जी-ए. आधी जनुकात ही शोधा. एकूण संख्येपेक्षा जागा बघा: सुरुवातीच्या १०-१५ कोडॉनमध्ये आहेत का, आणि दोन लागोपाठ आहेत का. ए-जी-जी ए-जी-जी अशी जोडगोळी असेल तर रायबोसोम तिथे खोळंबतो आणि एक अक्षर पुढे सरकून वाचू लागतो; चौकट बदलते आणि लवकरच थांबण्याचं कोडॉन येतं.

तपासायला मोठं कल्चर लावू नका. बीएल२१ आणि रोझेटा अशा ई. कोलायच्या दोन स्ट्रेनमध्ये तेच प्लाझ्मिड (तुमचं जनुक असलेला डीएनएचा गोल तुकडा) घाला, दोघांची ५-५ मिलिलिटर कल्चर लावा. रोझेटात कमी पडणारे टीआरएनए देणारं वेगळं प्लाझ्मिड असतं, ते टिकवायला क्लोरॅम्फेनिकॉल मिलिलिटरला ३४ मायक्रोग्रॅम लागतं; हे विसरलं की हळूहळू रोझेटा साधा बीएल२१ होऊन बसतो आणि निकालाला अर्थ राहत नाही. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ ला आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) ०.२ मिलिमोलर द्या. अर्धं कल्चर ३७ अंशांवर तीन तास, अर्धं १८ अंशांवर रात्रभर. मग १२ टक्के जेलवर शेजारी-शेजारी चालवा. रोझेटात पूर्ण पट्टा आला आणि बीएल२१ मध्ये खाली तुकडे दिसले, तर दोष कोडॉनचा. दोन्हींत पूर्ण पट्टा आहे पण सगळा गाळात बसतोय, तर प्रश्न घडीचा आहे. तिथे टीआरएनए वाढवून उपयोग नाही.

हिस्टिडिन टॅग (प्रथिन कॉलमवर पकडण्यासाठी जोडलेली शेपटी) सुरुवातीला लावला असेल तर अर्धवट तुकडेही कॉलममध्ये अडकतात. शेवटी लावलात तर पूर्ण लांबीचंच प्रथिन पकडलं जातं.

आणि एक छुपी चूक, जेलवर कधीच न दिसणारी. आर्जिनिनचा टीआरएनए कमी पडला की ए-जी-ए वाचायला लायसिनचा टीआरएनए घुसतो. त्याचा अँटिकोडॉन यू-यू-यू, म्हणजे मधल्या जागी जी समोर यू. तिसऱ्या जागी कायदेशीर असलेली तीच जोडी इथे दुसऱ्या जागी बसते. २०१२ च्या सुमारास आलेल्या क्रिस्टल रचनांत दिसलं की रायबोसोम पहिल्या-दुसऱ्या जागच्या जी:यूला दाबून नेहमीच्या जोडीच्या घाटात बसवतो. एरवी हे महागात पडतं म्हणून टळतं, पण योग्य टीआरएनएच नसला की फावतं. पट्टा पूर्ण लांबीचा, शुद्धता उत्तम, आणि क्रियाशीलता मात्र कमी. मास स्पेक्ट्रोमेट्रीत प्रत्येक चुकीमागे वस्तुमान २८ डाल्टनने कमी दिसेल. ट्रिप्सिन आर्जिनिन आणि लायसिन दोन्हींनंतर कापतं, त्यामुळे तुकड्यांची लांबी तीच राहते. फक्त वजन बघूनच कळतं.

जनुक नव्याने बनवून घेणार असाल तर सगळीकडे सर्वाधिक वापरातलं कोडॉन ठोकू नका. काही प्रथिनांना घडी पडायला मधले थांबे लागतात. सुरुवातीच्या १०-१५ कोडॉनमध्ये एमआरएनएची घट्ट घडी होणार नाही याकडे जास्त लक्ष द्या.

प्रथिनाचा क्रम माहीत आहे, जनुक माहीत नाही. डिजनरेट प्रायमर (काही जागी वेगवेगळी अक्षरं असलेल्या छोट्या डीएनए तुकड्यांचं मिश्रण) कसा काढायचा, आणि त्यात आयनोसिन वापरावा का?

मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन असलेला सहा-सात अमिनो आम्लांचा तुकडा निवडा. ल्युसिन, सेरिन, आर्जिनिन टाळा. उदाहरणार्थ ट्रिप्टोफॅन-अ‍ॅस्पार्टेट-मेथिओनिन-लायसिन-फिनाइलअ‍ॅलॅनिन-हिस्टिडिन. प्रायमर: टी-जी-जी, जी-ए-वाय, ए-टी-जी, ए-ए-आर, टी-टी-वाय, सी-ए. वाय म्हणजे सी किंवा टी, आर म्हणजे ए किंवा जी. शेवटच्या कोडॉनचं डगमगतं अक्षर मुद्दाम सोडलं आहे, कारण ३′ टोक घट्ट बसायला हवं. १७ अक्षरं, ८ प्रकार.

प्रकार शंभराच्या पुढे जायला लागले तर चार कोडॉनच्या गटांत तिसऱ्या जागी आयनोसिन घाला. तो सगळ्यांशी सारखा जुळत नाही: सीशी सर्वांत घट्ट, मग एशी, मग टी आणि जीशी. प्रायमरचं प्रमाण १ ते २ मायक्रोमोलर ठेवा, कारण मिश्रणातला थोडाच भाग तुमच्या जनुकाला जुळणार असतो. अ‍ॅनिलिंग ४५ ते ५० अंशांपासून सुरू करा. टॅक पॉलिमरेज वापरा. पीएफयूसारखे आर्कियातले चुका सुधारणारे पॉलिमरेज आयनोसिन दिसला की अडतात. आणि क्लोनचा क्रम वाचताना दोन्ही टोकांची प्रायमरची अक्षरं सोडून द्या. ती तुम्ही दिलेली आहेत, जनुकाची नव्हेत.

एका कोडॉनला दोन अमिनो आम्लं, असं वॉबलमुळे होतं का?

होत नाही. एका अमिनो आम्लाला अनेक कोडॉन असतात, उलटं नाही. उत्तरपत्रिकेत ही दोन वाक्यं अदलाबदल होऊन येतात तेव्हा परीक्षक पुढचं वाचतच नाहीत.